मराठी टंकायला माणसाने शिकावं, की यंत्राने ओळखून घ्यावं?

पाटीपेन्सिल
शनिवार, रात्री ९:१२

माझे वडील ७२ वर्षांचे. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. अक्षर असं, की आसपासच्या चार गावांतल्या लग्नपत्रिकांचा मजकूर त्यांच्याकडे लिहायला यायचा. आता हात थरथरतो, म्हणून गावाच्या आठवणी लॅपटॉपवर लिहितो म्हणाले. मी हौसेने सगळं बसवून दिलं. इंग्रजी अक्षरं दाबा, मराठी उमटेल.

बाबांनी 'विळा' लिहायला घेतला. व्ही, आय, एल, ए. उमटलं 'विला'. खाली पर्यायांची रांग लागली, तीत विळा होता की नव्हता हे बघायच्या आत त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मराठी लिहायचं तर मधे इंग्रजाला कशाला घ्यायचं?"

मला उत्तर सुचेना. गेली १५ वर्षं मी असंच टंकतोय आणि मधे कुणी बसलाय हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग इन्स्क्रिप्ट लावून दिलं, कळांवर स्टिकर चिकटवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. उजव्या हाताची बोटं जिथे टेकतात त्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. त्यांच्या डोक्यावर ब, ह, ग, द, ज, ड. र-ह सोडले तर खाली वर्गातलं पहिलं व्यंजन, वर तिसरं. शिफ्ट दाबली की क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, द चा ध. बाबा पाचेक मिनिटं नुसते बघत बसले आणि म्हणाले, "अरे, ही वर्णमालाच की! कुणीतरी डोकं लावून पसरलीय."

ते 'कुणीतरी' म्हणजे भारत सरकारचा तेव्हाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. १९८६ साली हा आराखडा ठरला आणि पुढे १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात गेला. एकच मांडणी देवनागरीला, तीच बंगालीला, तीच तेलुगूला.

आता मूळ मुद्दा. मला यात दोन स्वभाव दिसतात. पहिला म्हणतो, आठ-पंधरा दिवस घाम गाळ, मग जन्मभर हात चालेल. दुसरा म्हणतो, तुला काही शिकायची गरज नाही, तू आहेस तसा ये, मी ओळखून घेईन. हे भांडण मराठीपुरतं नाही. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट या संगणक-संशोधकाने जगाला पहिल्यांदा माउस दाखवला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांची एक पेटी होती, ती मात्र कुणाला आठवत नाही. पेटीवर सूर धरावेत तशा एक-दोन-तीन पट्ट्या एकदम दाबायच्या आणि अक्षर उमटवायचं. पाच बोटांच्या ३१ जुळण्या. शिकायला किचकट, पण एकदा बसली की उजवा हात माउसवरून न हलवता लिहिता येतं. त्याचं म्हणणं असं, की यंत्र माणसाची कुवत वाढवण्यासाठी आहे आणि कुवत वाढवायची तर माणसाने मेहनत घेतली पाहिजे. तीनचाकी सायकल पहिल्या दिवसापासून चालवता येते, पण म्हणून कुणी तिच्यावरून गावाला जात नाही.

माउस घरोघरी गेला, पेटी अडगळीत गेली. बरोबर झालं का?


कळबडवी
शनिवार, रात्री १०:०५

धागा आवडला. पण पाटीपेन्सिल, तुमच्या गणितात आम्ही कुठेच नाही!

मी २६ वर्षं डीटीपी करते. सुरुवात गोदरेजच्या टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. मांडणी तीच रेमिंग्टनची. त्यात उच्चार नाही आणि वर्णमालाही नाही. त्यात असतो अक्षराचा आकार. ख, भ, ण, ध, श यांची अर्धी अक्षरं कळांवर. पूर्ण हवं तर अर्धं मारा आणि पुढे काना मारा. 'कि' लिहायचं तर वेलांटी आधी, क नंतर, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. तुमच्या इन्स्क्रिप्टमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, कारण बोलताना तसं येतं. पहिल्यांदा बसले तेव्हा प्रत्येक वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. दोन दिवसांत सोडून दिलं.

म्हणजे तिसरा स्वभावही आहे: जे हाताला बसलंय ते हलवू नका. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० शब्द प्रति मिनिट लागतात. त्या वेगासाठी मी क्लासला सकाळी सहाची बॅच केली होती, थंडीत बोटं आखडलेली असताना. आता कुणी येऊन सांगावं की ही मांडणी अशास्त्रीय आहे? असेल बाई. माझं पोट तिच्यावर चाललंय.


सेमीकोलन
रविवार, सकाळी ८:३१

विरोधी सूर लावतो, रागावू नका.

इन्स्क्रिप्ट १९८६ला आलं. मग मराठी आंतरजालावर आली कशी? इन्स्क्रिप्टवर नाही आली. बराहा, गमभन असल्या रोमन लिप्यंतराच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या साधनांवर बसून आली. नोकरीनिमित्त सिएटलला, दुबईला, बंगळुरूला गेलेल्या माणसांनी रात्री जेवणानंतर अर्धा तास काढून मराठी लिहिलं, कारण त्यांची बोटं इंग्रजी कळफलकावर आधीच पळत होती. त्यांना कुणी "आधी आठ दिवस सराव करा" म्हटलं असतं, तर ती माणसं इंग्रजीतच लिहीत राहिली असती. या धाग्यावरचे निम्मे प्रतिसाद तरी तसेच टंकलेले असणार, पैज लावा.

एंगेलबार्टचंही तेच. त्याच्या प्रयोगशाळेतली काही माणसं झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात गेली. तिथे लॅरी टेस्लरसारख्यांनी उलटं टोक धरलं: ज्याने कधी कॉम्प्युटर बघितला नाही त्याला समोर बसवा, तो काय करू पाहतो ते बघा आणि यंत्र तसं बनवा. त्यातूनच आजचं कट-कॉपी-पेस्ट आलं. १९८१ला झेरॉक्सचा स्टार हा कॉम्प्युटर, १९८४ला मॅकिंटॉश, तोही एका बटणाच्या माउसचा. जग तिकडे गेलं, कारण बहुतेकांना गावाला जायचंच नसतं, कोपऱ्यावरून दूध आणायचं असतं. त्याला तीनचाकी पुरते.

शिकणं ही चैन आहे, साहेब. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्याने करावी.


पाटीपेन्सिल
रविवार, सकाळी ९:५०

पैज हरलो, मीही लिप्यंतरानेच टंकतोय. :)

पण टेस्लरचा अर्धाच भाग सांगितलात. 'मोड' या प्रकाराशी त्याचं हाडवैर. एकच कळ आत्ता एक काम करते आणि थोड्या वेळाने दुसरं, कारण यंत्र कुठल्या तरी वेगळ्या अवस्थेत गेलंय आणि ते तुम्हाला ठाऊक नाही. त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' होतं. आता सांगा, मराठी टंकणाऱ्याचं आयुष्य म्हणजे दुसरं काय आहे? खाली मान घालून परिच्छेद बडवावा आणि वर बघावं तर सगळं इंग्रजीत. किंवा पासवर्ड टाकताना मराठी चालू राहिलेलं, ठिपके मात्र तसेच गोलगोल. या दुखण्यावर तुमच्या गोटातही औषध नाही.

कळबडवीताई, तुमचा मुद्दा मात्र मी खरंच विसरलो होतो. इंग्रजी कळफलकाची नेहमीची मांडणी, क्वर्टी, तीही तशीच टिकली. १८७०च्या दशकातल्या टाइपरायटरची मांडणी. १९३६ला ड्वोराकने दुसरी काढून पेटंट घेतलं, पण हात हलले नाहीत.


हिंगजिरे
रविवार, दुपारी १:२०

मी डिझाइनवाली नाही, पण आई आहे, त्यामुळे यंत्राच्या अवस्था ओळखायची सवय आहे.

लेक जर्मनीत. ती रोमनमध्येच मराठी लिहिते, देवनागरी करायचीही तसदी नाही. के-ए-एल. हे काल, काळ, कल, कळ यांतलं काहीही असू शकतं. ल-ळ एक, न-ण एक, त-ट एक, द-ड एक. मागच्या आठवड्यात तिने लिहिलं की 'पी-ए-डी' दुखतोय. पाद दुखतोय? मी अर्धा तास काळजीत. पाय लिहिताना वायच्या जागी डी पडला होता. देवनागरीत असती तर चूक चूक म्हणून दिसली असती. रोमनमध्ये सगळं थोडं चुकीचंच असतं, त्यामुळे खरी चूक कुठली ते कळत नाही.


कानसेन
रविवार, सायंकाळी ५:४४

मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर, धागा ऐकला आणि तसाच प्रतिसाद लिहितोय.

'यंत्र ओळखून घेईल' ही सोय माझ्यासाठी सोय नाही. यंत्र ओळखतं म्हणजे पाच पर्याय पुढे टाकतं. तुम्ही नजर टाकून निवडता. मला ते एकेक ऐकावे लागतात. 'काल', मग 'काळ', मग 'कल'. बोलणाऱ्या आवाजात ल आणि ळ यांतला फरक धड कळत नाही, म्हणून पुन्हा अक्षर-अक्षर सुटं करून ऐकायचं. एका शब्दाला एवढा खटाटोप.

इन्स्क्रिप्ट मी तीन आठवड्यांत शिकलो. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, तिथे तर्जन्या टेकल्या की सगळी मांडणी हाताखाली येते. क दाबला की क च येतो. उद्याही येईल, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही येईल. यंत्राने माझ्याविषयी कुठलाही अंदाज बांधलेला नसतो, म्हणून तो चुकत नाही. सेमीकोलन, तुम्ही ज्याला चैन म्हणालात ती माझी गरज आहे. मी ज्या कार्यालयात आहे तिथे नवीन प्रणाली आली तेव्हा तिच्यात फक्त लिप्यंतर होतं. मी सहा महिने मजकूर वेगळीकडे लिहून तिथे आणून चिकटवत होतो.


सेमीकोलन
रविवार, सायंकाळी ६:१०

कानसेन, हे मला सुचायला हवं होतं. 'चैन' शब्द मागे घेतो.


रेघोट्या
रविवार, रात्री ९:०२

डिझाइनची विद्यार्थिनी. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

पाटीपेन्सिलनी जे दोन स्वभाव सांगितले, त्यातला दुसरा खरं तर दोन वेगळ्या गोष्टींची गाठोडी एकत्र बांधून केलाय. 'शिकायला लागू नये' हे साधायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, सगळं डोळ्यासमोर मांडा म्हणजे आठवायला लागणार नाही, बघून उचलता येईल. दोन, काहीच मांडू नका, यंत्राने मनातलं ताडावं. १९९७ला बेन श्नायडरमन आणि पॅटी मेस या दोन संगणक-संशोधकांत यावरच जाहीर वाद झाला. श्नायडरमन म्हणे, वस्तू पडद्यावर दिसू द्या, माणसाने ती हाताने हलवावी, परिणाम लगेच दिसावा, चुकलं तर मागे घेता यावं. सूत्रं माणसाच्या हातात. मेस म्हणे, माहिती इतकी वाढणार आहे की माणूस प्रत्येक गोष्ट हाताने हलवत बसूच शकणार नाही; त्याच्या सवयी शिकून त्याच्या वतीने कामं करणारा हस्तक हवा. आज फोन तुमचं पुढचं वाक्य सुचवतो तेव्हा तो मेसच्या बाजूचा असतो. आणि तो वाद कुणी जिंकला असं मला तरी वाटत नाही. मेसनाही यंत्राने माणसाला न विचारता परस्पर कारभार करावा असं म्हणायचं नव्हतं, हे बरेचदा गाळलं जातं.

आता मराठीतलं पहिल्या तऱ्हेचं उदाहरण: स्वरचक्र. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशींच्या गटाने केलेला फोनचा कळफलक. व्यंजनं शाळेच्या पाटीवर लिहितो त्याच क्रमाने: क ख ग घ, खाली च छ ज झ. क वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू. बोट हव्या त्या बाजूला सरकवून उचललं की झालं. पाय मोडलात तर पुढच्या व्यंजनांशी होणारी जोडाक्षरं आधीच कळांवर दिसतात, म्हणजे क् नंतर ष च्या जागी क्ष दिसतो. बाराखडी आलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही, कारण शिकणं दुसरीतच झालेलं आहे! आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना मी फोन दिला, त्यांनी दहा मिनिटांत नातवाचं नाव लिहिलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. लिप्यंतराच्या जगात त्या निरक्षर ठरतात, आणि त्या तर मराठी सातवी पास आहेत.

सेमीकोलन 'तू आहेस तसा ये' म्हणतात तेव्हा आहेस तसा म्हणजे कोण, हे आधीच ठरलेलं असतं: इंग्रजी कळफलक येणारा. तो सिएटलचा माणूस शून्यातून शिकला नव्हता, त्याची फी आधीच भरून झाली होती.

स्वरचक्रातही खोट आहे. बोट थांबवून सरकवणं वेगात लिहिणाऱ्याला जाचतं, आणि कानसेनांना ते कितपत जमेल याची मला शंका आहे.


खारेदाणे
रविवार, रात्री ९:२५

एवढं सगळं वाचून दमलो. मी तर फोनला बोलून सांगतो, तो लिहितो. विषय संपला.


हिंगजिरे
रविवार, रात्री ९:३१

खारेदाणे, गाव कुठलं तुमचं?


खारेदाणे
रविवार, रात्री ९:३३

कुडाळ. आणि हो, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. :) आयेशी मालवणीत बोलाक गेलंय की फोनाक कायेक समजणा नाय. "खंय चललंस" म्हटलंय तर "काय चाललंय" लिहून मोकळो. मग पुण्याच्या माणसासारखं बोलून लिहून घेतो आणि हाताने परत मालवणी करतो.


कळबडवी
रविवार, रात्री १०:१५

म्हणजे इथे माणूसच यंत्राला समजेल असं बोलायला शिकला. हे ओळखून घेणं की काय ते?

बाकी एक व्यावसायिक रडगाणं. तुमच्या तिन्ही पंथांतून माझ्याकडे मजकूर येतो आणि तो एकत्र करताना माझा जीव जातो. 'ॲ' घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, हे अक्षर २००८ला स्वतंत्र आलं. त्याआधीचे लोक अ काढून वर चंद्र ठेवायचे, काही मांडण्यांत अजून तेच करतात. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं. पण शोधायला गेलं की एक सापडतं, दुसरं नाही. परवा एका स्मरणिकेत 'ॲडव्होकेट' सगळीकडे 'वकील' करायचं होतं. शोधून बदललं, आणि छापून आल्यावर आठ वकिलांतले तीन ॲडव्होकेटच राहिले होते. शिव्या मला.


रेघोट्या
रविवार, रात्री १०:४०

ताई, हे माझ्या प्रबंधात घालू का? नाव न घालता.


कळबडवी
रविवार, रात्री १०:४२

घाला. आणि 'ऱ्य' पण घाला. दुसऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या. निम्मे लोक र चा रफार करून 'दुसर्या' पाठवतात, कारण त्यांच्या साधनात ते कसं काढायचं ते त्यांना सापडत नाही. कुठे मोठा आर लागतो, कुठे आणखी काही. मराठी वाक्यात पावलोपावली येणारी गोष्ट, आणि ती तळघरात ठेवलेली.


कानसेन
रविवार, रात्री ११:०३

इन्स्क्रिप्टमध्ये: शिफ्टसह र, मग पाय मोडायची कळ (इंग्रजी डी), मग य. तीन ठोके. पण हे मलाही कुणीतरी सांगितल्यावरच कळलं, मांडणीकडे बघून उमगत नाही.


पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ८:४८

दोन दिवस येता आलं नाही. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. कानसेनांचा दोनदा वाचायला लावला. बाबांचा हात कळेवर पोचला की थरथरतो, त्यामुळे त्यांना चक्रावर बोट सरकवणं जमलं नाही. ठोके मारणं जमतं, कधी एकाच्या जागी दोन बसतात एवढंच. 'विळा'चा उतारा पूर्ण झालाय, ११ ओळी, दोन संध्याकाळी लागल्या.

त्यांची एक तक्रार मात्र आहे आणि मला ती रास्त वाटते. त्यांच्या मजकुरात विळा, आजोळ, डोळे, ओढ्याकाठचं बाभूळबन, पावसाळा. ळ म्हटला की शिफ्ट. आणि ण ला पण शिफ्ट. थरथरत्या हाताने एका बोटाने शिफ्ट धरून दुसऱ्याने कळ मारायची म्हणजे कसरत. करंगळी सुटली की 'डोले'. "ज्याने वर्णमाला पसरली त्याला ळ लागत नव्हता वाटतं," असं म्हणाले.


रेघोट्या
मंगळवार, रात्री ९:१५

बाबांनी नेमकं बोट ठेवलं! एकच मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना, ही त्यातली शक्कल आणि हीच अडचण. हिंदीत ळ जवळपास लागतच नाही, म्हणून तो ल च्या कळेवर शिफ्टखाली गेला तरी तिथे कुणाचं अडत नाही. अडतं ते आपलं.

शिफ्टचा त्रास कमी करता येतो. विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' नावाची सोय आहे. ती चालू केली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची, मग निवांत ळ ची कळ मारायची. म्हणजे इंग्रजी एन ची. सुरू करायला शिफ्ट पाच वेळा दाबा.


पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ९:५२

केलं चालू. आता शिफ्ट दाबली की टिक् असा आवाज येतो आणि बाबा प्रत्येक टिक् ला "हं" म्हणतात. पुढचा उतारा 'पोळा' आहे.